समुद्र चढावर भेटतो

रायपूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, देशातल्या बाकी स्टेशनांप्रमाणेच, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे. ती तीनशे मीटरच्या आसपास भरते. तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीची सरासरी काढून १९०९ साली उंची मोजायची ही शून्य रेघ पक्की झाली. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या माणसाचं समुद्राशी नातं म्हणाल तर एवढंच. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपुरास आले, त्यांच्या आगेमागे नागपूरकडची मराठी घरं छत्तीसगडात रुजली आणि समुद्र पाठीमागे राहून गेला.

बूढ़ा तलावाला सायकलने कितीही फेऱ्या घाला, गिअर बदलावा लागत नाही. गाव सपाट, भाताचं. चढ म्हणजे ओव्हरब्रिज. अशा सपाटीवर तयार झालेल्या मांड्या घेऊन मी माझी एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, कोकणात नेली: हरिहरेश्वराच्या बाजूने उतरत रत्नागिरीच्या दक्षिणेपर्यंत.

नकाशा पाहणाऱ्याला वाटतं, दिवसभर उजव्या हाताला समुद्र चालत राहील. तसं होत नाही. कोकणचा किनारा खाड्यांनी कापलेला आहे आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं पठार, उभा आहे. खाडीच्या काठावरून घाटी चढायची, सड्यावर यायचं, पलीकडे पुन्हा खाडीत उतरायचं. समुद्र दिसतो तो चढ संपता संपता, एखाद्या वळणावर, तेही आंबा-काजूच्या फटीतून. पुढच्या वळणाला तो गेलेला असतो. मला ही त्याची लपाछपी आवडली. सतत शेजारी चालणाऱ्या समुद्राकडे माणूस तासाभरात बघेनासा होईल.

चौदा वर्षांचा नरेंद्र दत्त १८७७ साली घरच्यांबरोबर रायपूरला आला, बूढ़ापाऱ्यात राहिला. रेल्वे तेव्हा इथवर पोचलेली नव्हती, प्रवास बैलगाडीचा. वाटेत विंध्याच्या कड्यातल्या भेगेत त्याला मधमाश्यांचं प्रचंड पोळं दिसलं आणि तो भान हरपून गाडीत पडून राहिला, असं त्याच्या चरित्रात सांगतात. पुढे हाच मुलगा विवेकानंद होऊन कन्याकुमारीच्या खडकावर पोचला. घाटीत सर्वात हलक्या गिअरवर, मान खाली घालून पेडल मारताना मला ती बैलगाडी हटकून आठवे. माझा वेग तिच्याहून फारसा बरा नव्हता, आणि भान हरपायला दमच पुरेसा होता.

बागमांडल्याला सावित्रीच्या खाडीवर फेरीबोट आहे. पलीकडे वेसवी, बाणकोट. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांनी पाहिलेल्या रेवस-रेड्डी सागरी मार्गाचा पूल इथे वर्षानुवर्षं अर्धवट राहिला. दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या खाड्याही बोटीनेच पार होतात. सायकलवाल्याला ही बोट म्हणजे हक्काची विश्रांती, म्हणून पूल झाले की मला हळहळ वाटेल. पण ती पाहुण्याची हळहळ. रात्री पेशंटला घेऊन पलीकडे जायचंय आणि बोट बंद आहे, अशा माणसाला पुलाबद्दल विचारावं.

दाभोळच्या बोटीवर टोपली घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, "कुठून आलात?"

"रायपूरहून."

"रायगड?"

"नाही मावशी, रायपूर. छत्तीसगड. नागपूरच्याही पुढे."

"मग तिकडं समुद्र नाय?"

"तलाव आहेत. भरपूर."

त्यांनी सायकलच्या जाड टायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तलावात मासे असतात ना?" असतात म्हटल्यावर आमच्या मुलखाची त्यांना फार काळजी वाटली नाही.

गुहागरला ओहोटी लागली होती आणि पुळणीवर सायकल घातली. पाणी नुकतंच सरकलेली ओली वाळू डांबरासारखी कडक असते. वरच्या कोरड्या पट्ट्यात मात्र चाक रुततं. टायरमधली हवा थोडी कमी केली की ओल्या पट्ट्यावरून सायकल छान पळते. पण वेळ पाहून निघावं लागतं, कारण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते आणि कालचं घड्याळ आज चालत नाही. शिवाय खारं पाणी चेनला लागतं. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी ती कुरकुरते. सुरूच्या बनात बसून चेन पुसणं हा या वाटेचा निम्मा उद्योग आहे.

आरे-वारेचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे, तिथे समुद्र एकदम पायाखालीच उघडतो. गर्दीही तशीच असते, म्हणून फार थांबलो नाही. थांबलो कशेळीला. तिथल्या सड्यावर जांभ्यात कोरलेला भलामोठा हत्ती आहे आणि त्याच्या देहात इतर प्राणी कोरलेले आहेत, त्यांत जलचरही. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. काळा, भेगाळलेला कातळ, झाड नाही, आणि हत्तीच्या पोटात मासे. कोणी कोरलं, कशासाठी, त्यावर अभ्यासकांचे तर्क चालू आहेत. मला एवढंच दिसत होतं, की कोरणारा खालचा मासा डोक्यात घेऊन हा सडा चढला होता, तोही पायी.

सड्यावर वाट अशी नसतेच. कातळ जिथे सपाट तिथून चाक न्यायचं. चिऱ्याच्या भेगांत पुढचं चाक अडकू नये म्हणून नजर दोन हात पुढे ठेवावी लागते, आणि नजर खाली असली की समुद्र बघता येत नाही. मी आलटून पालटून दोन्ही केलं. मग जैतापूरच्या खाडीकडचा उतार लागला, आणि ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली.