निवालेल्या अग्नीतील जिनबिंबे

वेरूळला येणारे बहुतेक प्रवासी कैलास लेणे पाहून तृप्त मनाने माघारी फिरतात. तेथून उत्तरेस, किलोमीटरभराहून अधिक अंतरावर, क्रमांक ३० ते ३४ ही पाच जैन लेणी आहेत. ओसरीच्या सावलीत खांबाला टेकलेल्या हाताला तेथील काळा पाषाण शीतल लागतो. हाच पाषाण एके काळी वाहता अग्नी होता.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारसाचे पूर पसरत गेले. एक थर निवावा, त्यावर दुसरा यावा, असे होत होत सह्याद्रीच्या बाजूस या थरांची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात पोहोचली. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या बेसॉल्टने व्यापलेला आहे. डोंगर चढताना काही ठिकाणी दोन काळ्या थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. आधीचा प्रवाह थंड होऊन, ऊनपावसाने झिजून त्याची माती होण्याइतका काळ मध्ये गेला, याची ती खूण होय. तप्त रसावर छिन्नी चालत नाही. तो पूर्ण निवला, घट्ट झाला, तेव्हाच त्यात मूर्ती घडवणे शक्य झाले.

राष्ट्रकूटकाळात, नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास, शिल्पकारांनी येथे काम केले. इंद्रसभा या ३२ व्या लेण्याचे प्रांगण वरून खाली खोदत नेलेले आहे. त्यातील मंदिर आणि हत्ती मूळ खडकातूनच मोकळे केलेले आहेत. एकदा उडालेली कपची पुन्हा जोडता येत नाही, म्हणून प्रत्येक घाव विचारपूर्वक घालावा लागे.

या लेण्यांत पार्श्वनाथ आणि बाहुबली यांची जोडी वारंवार, बहुधा समोरासमोरच्या भिंतींवर आढळते. पार्श्वनाथांवर कमठ उपसर्ग करीत आहे. धरणेंद्राने फणांचे छत्र धरले आहे आणि भगवान निश्चल उभे आहेत. समोर बाहुबलींच्या अंगाखांद्यांवर वेली चढल्या आहेत. दोन्ही कथांचे मूळ भावाभावांच्या कलहात आहे, हे चटकन ध्यानात येत नाही. कमठ आणि मरुभूती हे सख्खे भाऊ. क्षमा मागण्यास आलेल्या धाकट्या भावाच्या मस्तकावर कमठाने शिळा टाकली आणि ते वैर भवामागून भव, दहा भवांपर्यंत धुमसत राहिले. बाहुबली राज्यासाठी थोरल्या भरताशी लढले, परंतु विजय हाती आला असतानाच थांबले आणि सर्वस्व सोडून वनात गेले. एका भावाने शिळा टाकली, दुसऱ्याने राज्य टाकले.

वडिलोपार्जित पेढीच्या वाटणीवरून अबोला धरलेले दोन भाऊ यात्रेच्या निमित्ताने या ओसरीत आलेच, तर दोन्ही भिंती त्यांच्याच घरची गोष्ट सांगतील. निवण्यास काळ लागतो, हे तर पायाखालचा डोंगरच सांगतो. मात्र त्या प्रवाहाला निवण्यावाचून गत्यंतर नव्हते. मनुष्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

लेण्यांच्या वरच्या बाजूस, डोंगरावर, पार्श्वनाथांची सुमारे १६ फूट उंचीची पद्मासनस्थ मूर्ती आहे. तिच्यावरील शके ११५६ चा, म्हणजे इ. स. १२३४-३५ चा लेख चक्रेश्वर नावाच्या दानशूर गृहस्थाचा आहे. चौघा भावांमध्ये तो प्रमुख होता. त्याने येथे अनेक जिनबिंबे घडवविली आणि भरताने कैलास पर्वताला केले तसे या चारणाद्रीला तीर्थ केले, असे लेख सांगतो. धाकट्या भावावर शस्त्र धरणाऱ्या त्याच भरताचे हे स्मरण आहे, परंतु लेखात त्या युद्धाचा उल्लेखही नाही. तेथे त्याची ओळख उरली आहे ती तीर्थ उभारणारा म्हणून.