मामाचा पेपर

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादकांना नका धरू, मला धरा!

मार्च २०२० मध्ये आमचा दहावीचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला गेला आणि मी दोन दिवसांसाठी मावळात मामाकडे गेले. ते दोन दिवस पार जूनपर्यंत चालले. पेपर तर शेवटी रद्दच झाला.

मामाचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. लाल मातीचे गादीवाफे, त्यात जरबेराची सहा हजारांच्या आसपास रोपं, वर पाइपांचा सांगाडा आणि त्यावर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक. या प्लास्टिकला तिकडे सगळे ‘पेपर’च म्हणतात. "पेपर फाटला की संपलं," असं मामा म्हणाला तेव्हा मला वाटलं, हाही बोर्डाबद्दलच बोलतोय! आत फुलांवर पाऊस पडत नाही. ऊन जास्त झालं तर शेडनेट ओढायचं, उकडायला लागलं तर हँडल फिरवून बाजूचे पडदे वर करायचे. पाणी आणि खत ठिबकमधून, मोजून. मला तर आमच्या शाळेचीच आठवण आली.

पण लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद, पुण्याला माल जायचा बंद. मी म्हटलं, मग फुलं झाडावरच राहू देत की. तसं चालत नाही म्हणे. जुनी फुलं राहिली की झाडाची ताकद त्यात जाते, वर रोग येतो. म्हणून आम्ही तिघं रोज सकाळी फुलं काढायचो. जरबेरा कापत नाहीत, दांडा बुडाशी धरून हलकेच पिळून ओढतात. एरवी प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी घालून दहा-दहाची जुडी बांधायची. आम्ही मात्र टोपल्या भरभरून उकिरड्यावर ओतत होतो. लाल, पिवळा, केशरी उकिरडा! मामी तिकडे बघायचीसुद्धा नाही. बँकेचे हप्ते होतेच.

आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. अलिबागजवळ किनारा ओलांडून दुपारी ते आमच्याकडे पोचलं. पश्चिमेचा पडदा आधी फाटला. त्यातून वारा आत शिरला आणि अख्खं पॉलिहाऊस फुग्यासारखं फुगलं. कोपऱ्यातला पाइप फाउंडेशनसकट हलायला लागला. (वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे मला पुढे फर्स्ट इयरला कळलं. मामाला तेव्हाच माहीत होतं!) पेपर पट्टीत अडकवणाऱ्या स्प्रिंगा काढत बसायला वेळ नव्हता. मामाने विळा घेतला, शिडी लावली आणि स्वतःच्या हाताने छताचा पेपर फाडला. मामी आणि मी शिडी धरून उभ्या. मामी रडत होती की पाऊस होता, मला कळलं नाही.

रोपं झोडपली गेली, पण सांगाडा उभा राहिला. वरच्या आळीतल्या एकांनी पेपर नव्हता कापला. त्यांचे पाइप धुतलेल्या साडीसारखे पिळून पडले होते.

पुढे पंचनाम्याला माणसं आली. त्यांनी विचारलं, "छत वाऱ्याने फाटलं की तुम्ही फाडलं?" मामाने खरं ते सांगितलं. मामी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मलाही त्याचा राग आलेला. आजही मामीचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी मी पॉलिहाऊसचं तापमान आणि आर्द्रता मोबाईलवर पाठवणारा एक डबा केला आणि दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे नेऊन लावला. नवा पेपर तोवर जुना झाला होता. मामाने आकडे पाहिले, मान डोलावली. मग म्हणाला, "हे सगळं मला आत शिरलं की अंगाला कळतं गं. किती वारं सुटलं की पेपर कापायचा, ते सांगेल का तुझा डबा?"

एक्स्टर्नलनेसुद्धा इतकं अवघड विचारलं नव्हतं. मी गप्प बसले, आणि मामीने चहा आणला.