मामांची रोजची गोळी

आमचे मामा पंचवटीत राहतात. गेली दहा वर्षं रोज दुपारचं जेवण झालं की मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर एक गोळी घेतात. नाव इमॅटिनिब. आजार सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. निदान झालं तेव्हा मामी रडून रडून अर्ध्या झाल्या होत्या. आज मामा सकाळी गंगेवर फिरायला जातात.

या आजारात ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून एक बिघडलेलं एन्झाइम तयार होतं, त्याला कायनेज म्हणतात. बटण बंदच होत नाही अशा मोटरसारखं ते पांढऱ्या पेशी वाढवत सुटतं. इमॅटिनिब त्याच्या खाचेत जाऊन बसतं आणि मोटर थांबते. अमेरिकेत २००१ साली त्याला मान्यता मिळाली.

पण औषध निघालं म्हणजे आपल्याला मिळालं असं नसतं. तेव्हा मूळ ब्रँडचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार होता, भारतीय जेनेरिकचा ८ ते १० हजार. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. जुन्या औषधाचं नुसतं नवं रूप काढलं आणि गुण वाढला नाही, तर पेटंट नाही. म्हणून मामांची गोळी परवडली.

त्याआधी मार्च २०१२ मध्ये आपल्या मुंबईच्या पेटंट ऑफिसने बायरच्या सोराफेनिबवर नॅटकोला सक्तीचा परवाना दिला. २,८०,४२८ रुपयांचा महिन्याचा डोस ८,८८० वर आला, बायरला रॉयल्टीही ठरली. निकाल वरच्या कोर्टातही टिकला. असा परवाना त्यानंतर पुन्हा दिला गेला नाही.

संशोधनाला पैसा लागतो, मान्य. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या ओसिमर्टिनिबची कस्टम ड्यूटी २०२४ च्या बजेटमध्ये माफ झाली, तरी किंमत साध्या पगारदाराच्या आवाक्यात येत नाही. निवडणुकीत हा प्रश्न कोण विचारणार? आपणच ना?

आणि एक. मध्यंतरी "बरं वाटतंय" म्हणून मामांनी परस्पर दोन महिने गोळी बंद केली. रिपोर्ट बिघडला. नशिबाने पुन्हा ताळ्यावर आला. तुमच्या घरी कुणी ही औषधं घेत असेल तर डॉक्टरांना जेनेरिकबद्दल विचारा, दोन-तीन दुकानांत भाव काढा. पण गोळी आपल्या मनाने थांबवू नका.