शिवरायांचे आजोबा आणि इंदापूरची वाट

बारामतीहून इंदापूरला जाणारी वाट आपल्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असते. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे भवानीनगर, सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, लासुर्णे, अंथुर्णे, पानमळ्यांचे निमगाव केतकी आणि मग इंदापूर. पन्नासएक किलोमीटरचा पल्ला. ही वाट मी वारीत पायी तुडवली आहे आणि उसाच्या ट्रॉलीवर बसूनही केली आहे. पण यंदा माघात पुतण्याला घेऊन एस.टी.ने गेलो, ती खेप निराळी होती.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, फाट्याच्या अगदी टेलला. तीन एकर कालव्याखाली आणि पाच एकर माळ, एवढी आमची जमीन. थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, विहिरींची कामे घेत. मोठा धाडसी माणूस. जिथे दुसरे मागे सरत तिथे हे दोर धरून खाली उतरत. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका कामावर दरड ढासळली आणि दादा गेले. पुतण्या तेव्हा पाचवीत होता. आता तो बावीस वर्षांचा आहे. वाटणीचे कागद करायचे म्हणून बारामतीला बहिणीकडे मुक्काम करून आम्ही दोघे सकाळी इंदापूरला निघालो होतो.

घरात बोलणे झाले होते. कालव्याखालची जमीन इतकी वर्षे मी कसली, तेव्हा ती माझ्याकडे राहावी आणि माळ पुतण्याने घ्यावा, असे माझ्या मुलांचे म्हणणे होते. खरे सांगायचे तर माझेही मन तिकडेच झुकले होते. पुतण्या काही बोलला नव्हता.

कचेरीत गेलो तर कळले की काम दुपारनंतर होईल. मग वेळ काढायचा म्हणून गावात हिंडलो आणि मालोजीराजांच्या गढीपाशी आलो. पूर्वी पुष्कळ वर्षे तहसील कचेरी याच जागी होती. त्या काळी आम्ही सातबाऱ्यासाठी इथे खेटे घालत असू, पण आपण कोणाच्या दारात उभे आहोत हे कधी मनात आले नाही.

पुतण्या शिकलेला. तो म्हणाला, "तात्या, शिवाजी महाराजांचे आजोबा इथेच लढाईत पडले. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते, पण ऐकल्यापुरते. मग तिथेच सावलीला बसून आम्ही एकमेकांना आठवेल तसे सांगत गेलो. मंडळी, तेच इथे मांडतो.

मालोजीराजे भोसले हे वेरूळच्या बाबाजी भोसल्यांचे थोरले चिरंजीव. धाकटे विठोजी. दोघे भाऊ जोडीने घराबाहेर पडले आणि तलवारीच्या जोरावर अहमदनगरच्या निजामशाहीत सरदार झाले. राजांची पत्नी उमाबाई फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण, म्हणजे आपल्याच शेजारचे माहेर. लग्नानंतर बरीच वर्षे मूल नव्हते. नगरच्या शाहशरीफ पिरांना नवस केला आणि दोन मुलगे झाले, म्हणून एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, असे परंपरा सांगते.

धाडसी माणसाला देणे-घेणे दोन्ही कळावे लागते. राजांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचे देऊळ दुरुस्त केले. शिखर शिंगणापूरला चैत्रात कावडी घेऊन जाणाऱ्या भाविकांचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून तिथे मोठे तळे बांधले. ते तळे आजही आहे. आपल्या भागातून शिंगणापूरला जाणाऱ्यांनी त्याचे पाणी पाहिले असेल. दुष्काळी मुलखात तळे बांधणाऱ्याला पाण्याची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

पुढे पुणे आणि सुपे परगण्याची जहागीर भोसल्यांच्या घरात आली. हे सुपे म्हणजे आपल्या बारामती तालुक्यातलेच. इंदापूर मात्र शिवेवरचे. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा आणि दोन नद्यांच्या बेचक्यात हा मुलूख. एकीकडे निजामशाही, दुसरीकडे विजापूरची आदिलशाही. फौजा आल्या की पहिली धूळ इथेच उडायची. १७व्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात आदिलशाही फौजेशी लढताना मालोजीराजे इंदापुरात पडले. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत ग्रंथात त्यांचा हा मृत्यू सांगितला आहे. तेव्हा मुले लहान होती.

इथवर सांगून पुतण्या थांबला. मग म्हणाला, "पुढे त्यांना विठोजीराजांनी वाढवले."

मंडळी, हा भाग आपण फार भरकन सांगतो. विठोजीराजांना स्वतःचे आठ मुलगे होते. आठांच्या पंगतीत भावाची आणखी दोन पाने मांडली गेली. पोरे मोठी झाली, हत्यार धरू लागली. शहाजीराजांचे लग्न सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या लेकीशी, जिजाबाईंशी झाले. पुढे खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि भोसले-जाधवांत भांडण पेटले, तेव्हा शहाजीराजे सासरच्या माणसांसमोर चुलतभावाच्या बाजूने उभे राहिले. त्या भांडणात विठोजींचा मुलगा संभाजी मारला गेला. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले. नंतर विठोजींची काही मुले निराळ्या पक्षाच्या चाकरीत गेली, हेही खरे. भाऊबंदकी राजांच्या घरालाही चुकली नाही. पण चुलत्याने पोरक्या पुतण्यांना वाढवले, हे त्याने खोटे ठरत नाही.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर नातू जन्मला. आजोबांनी नातवाला पाहिले नाही आणि नातवाने आजोबांना. पण १६५६ साली शिवाजीराजांनी सावत्रमामा संभाजी मोहिते यांच्याकडून सुपे ताब्यात घेतले, तो मुलूख आजोबांच्या वेळेपासून घराशी जोडलेलाच होता. नातवाने गड बांधले, १६७४ साली राज्याभिषेक करून घेतला. आजोबा पडल्यावर त्या दोन लहान पोरांना कोणी उघड्यावर सोडले असते, तर हे पुढचे काही घडले असते का?

आपण शूर माणसाचे पोवाडे गातो, ते गावेतच. पण तो गेल्यावर घरी राहिलेली बाई त्याच घरात दिवस काढते, पाठचा भाऊ त्याचे ओझे उचलतो. त्यांच्या नावाची गढी नसते.

गढीपाशी बसून मला दादांची आठवण आली. विहिरीत उतरताना ते पागोटे माझ्या हातात देत आणि म्हणत, "धर, वर येतो." त्या दिवशी ते पागोटे माझ्याच हातात राहिले होते. अकरा वर्षे ते घरच्या पेटीत आहे. पुतण्याला मी ते कधी दाखवले नव्हते.

दुपारी कचेरीत गेलो. कारकुनाने विचारले, कसे लिहायचे? मी सांगितले, कालव्याखालचे तीन एकर निम्मे-निम्मे, माळही निम्मा-निम्मा. पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तात्या, घरी काय सांगाल?"

"मी बघतो," म्हटले.

घरी दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी धाकटा मुलगा आपणहून पुतण्याबरोबर दारे धरायला गेला. थोरला अजून फुगलेला आहे. तोही येईल.

परतीच्या गाडीत खिडकीतून दोन्ही बाजूंना ऊस दिसत होता. १८८५ साली नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी इकडे खेळू लागले, तेव्हापासूनची ही हिरवाई. मालोजीराजांच्या काळी इथे उघडी जिरायत असणार. त्या रानातून त्यांचे घोडे इंदापूरकडे गेले असतील. पुढच्या आषाढात पालखीबरोबर इंदापूरला पोचाल, तेव्हा रिंगण पाहून झाल्यावर चार पावले गढीकडे वळा. बरोबर लहान पोर असेल तर त्याला सांगा, इथे एक आजोबा पडले आणि त्यांच्या भावाने त्यांचे घर पडू दिले नाही.