ब्रीदर

टेंभुर्णीत हायवेलगतच्या गॅरेजात वडापाची जुनी जीप उभी होती. दोनदा पॅकिंग बदलूनही मागच्या डिफ्रन्शियलच्या झाकणातून ऑइल गळतच होतं. चाचांनी आधी हाऊसिंगवरचा ब्रीदर काढला. उसाच्या रानातल्या चिखलानं पार चोंदलेला! गाडी पळाली की आतली हवा तापून फुगते. वाट मिळाली नाही की ऑइलला पॅकिंगमधून बाहेर ढकलते. आमच्या लोकांना ‘पंक्चरवाले’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे निदान बघायला हवं होतं. मग झाकण खोललं, जुनं पॅकिंग खरवडलं, वाकलेली कड ठोकून सपाट केली.

“चाचा, वरून सिलिकॉन मारलं असतं तर भागलं असतं की.”

“आठ दिवस. पुढं भरल्या गाडीत गिअर जळाले असते, पोरा.”

पैसे पॅकिंगचे, ऑइलचे आणि मजुरीचे घेतले. ब्रीदरचे नाही.