दोन मिनिटे आणि अडीच तास

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. दिवसभर तो दुसऱ्यांचे विचार आपल्या भाषेत उतरवीत असतो आणि संध्याकाळी कार्यालयाचा जिना उतरताना ते विचार आपलेच आहेत, अशी त्याची समजूत झालेली असते. गेल्या हिवाळ्यात माझी अशीच फसगत झाली. ती वाचकांना सांगितली, तर कदाचित आपल्यापैकी काहींना स्वतःच्या घराची आठवण होईल.

'फास्ट फूड' या विषयावरील एक लेख मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. पहिल्या शब्दापाशीच माझे पाऊल अडखळले. 'शीघ्रान्न' म्हणावे, तर एखाद्या श्राद्धविधीतील शब्द वाटतो. 'घाईचे खाणे' म्हणावे, तर घाई अन्नाची की खाणाऱ्याची, हे कळत नाही. शिवाय इंग्रजीत 'फास्ट' म्हणजे जलद आणि 'फास्ट' म्हणजे उपवासही! अखेरीस 'झटपट अन्न' या शब्दावर समाधान मानून मी मैदा, मीठ आणि तेल यांच्यावर कोरडे ओढणारे चार परिच्छेद मोठ्या आवेशाने मराठीत उतरविले आणि त्याच आवेशात दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीतल्या घरी परतलो.

दारातच मसाल्याचा तो सुपरिचित वास आला. आमची आठ वर्षांची कन्या पुढ्यात नूडल्सची ताटली घेऊन बसली होती. पत्नी माझ्या आधी जेमतेम अर्धा तास आपल्या कार्यालयातून आली होती. अजून तिची पर्सही खुर्चीवरच होती. मी मात्र दिवसभराचा अभ्यास तिथेच पाजळला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, येथपासून आरंभ करून 'आमच्या लहानपणी असले काही नव्हते' येथवर मी पोहोचलो. पत्नी काहीच बोलली नाही. तिने पर्स उचलून आत नेली, एवढेच.

बोलली ती आई. वाईहून दोन महिन्यांसाठी ती आमच्याकडे आली होती आणि कोपऱ्यात मटार सोलीत बसली होती.

"अरे, तू शाळेतून आलास की मी तुला काय द्यायची?"

"थालीपीठ. नाहीतर मेतकूट-भात."

"थालीपिठाला वेळ किती लागायचा?"

"पंधरा मिनिटं."

"आणि भाजणीला?"

मी गप्प राहिलो. मला ठाऊकच नव्हते.

"भाजणी करण्याची मला हौस आहे, असं तुम्ही सगळे समजायचात," आई मटारावरची नजर न काढता म्हणाली. "हौस कसली रे? डबा तळाला गेला की माझ्या पोटात गोळा यायचा. उन्हाळ्यात चुलीपुढे बसायचं, आणि वर तुझे वडील यायच्या आत घर आवरायचं. तुला फक्त ती पंधरा मिनिटं दिसली."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर मला बरे वाटले असते. तक्रारीला उत्तर देता येते.

त्या रात्री मी पुन्हा विचार करू लागलो, आणि या खेपेस तो विचार भाषांतरित नव्हता. झटपट अन्न म्हणजे तरी काय? मोमोफुकू आंदो या गृहस्थांनी जपानमध्ये १९५८ साली झटपट नूडल्स बाजारात आणल्या. त्यांची युक्ती अशी, की नूडल्स आधी वाफवायच्या, मग तेलात तळून त्यांतील पाणी उडवून टाकायचे. पाणी गेले की सूक्ष्म छिद्रे उरतात आणि त्यांतून गरम पाणी चटकन आत शिरते. आपल्या देशात १९८३ साली आलेल्या पुडीतही हेच घडते. म्हणजे त्या दोन मिनिटांत आपण काही शिजवीत नसतो. अगोदर शिजविलेल्या वस्तूला केवळ जाग आणतो.

आपल्या घरांतील जुने पदार्थ याहून निराळे आहेत काय? भात भिजवून, भाजून, कांडून पोहे झाले, म्हणूनच ते पाण्याने नुसते ओलावले तरी खाता येतात. कर्नाटकातल्या घरी तेच पोहे अवलक्की होतात, बिहारमधल्या घरी दह्याबरोबर चुडा होतात. आमचे बिहारी शेजारी हरभऱ्याचे सत्तू पाण्यात कालवून, लिंबू पिळून घेतात आणि कामाला निघतात; तो हरभरा आधीच भाजलेला असतो. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास वडापाव मिळू लागला, असे सांगतात. गाडी गाठणाऱ्याला तो क्षणात हाती मिळतो, कारण कोणीतरी पहाटे उठून बटाटे उकडलेले असतात. तात्पर्य, जगात झटपट अन्न असे काही नाहीच. प्रत्येक घासामागे कोणाचा तरी वेळ गेलेलाच असतो. तो आपल्या डोळ्यांसमोर गेलेला नसतो, इतकेच.

म्हणून मला वाटते, 'किती मिनिटांत झाले?' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. 'वेळ कोणी दिला?' हा खरा प्रश्न आहे. पुडीत तो कारखान्याने दिलेला असतो आणि त्याची किंमत मिठातेलाच्या रूपाने आपले शरीर फेडते. आमच्या जुन्या घरात तो एकट्या बाईने दिलेला होता; त्याची किंमत तिने फेडली आणि आम्ही तिला 'हौस' असे गोंडस नाव दिले.

पुढच्या रविवारी मी आईला भाजणी शिकविण्याची विनंती केली. ती हसली, पण उठली. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद आणि धने, असे सारे निरनिराळे मांडले. सगळे एकदम कढईत टाकावे, असा माझा बेत होता. तेव्हा कळले, की प्रत्येक धान्याची वेळ वेगळी. धने क्षणात करपतात, हरभऱ्याची डाळ मात्र आपल्या चालीने तांबूस होते. कन्या धान्य निवडू लागली, पत्नी आणि मी आळीपाळीने परतू लागलो. आई खुर्चीवर बसून नुसत्या वासावरून "आता उतरव" असे सांगत होती. अडीच तास लागले. माझा उजवा खांदा दोन दिवस दुखत होता आणि त्या दुखण्याने मला त्या लेखापेक्षा अधिक शिकविले.

दळणाचे प्रकरण निराळेच. महाराष्ट्रात भाजणी दळून मिळणे अवघड नाही. पण दिल्लीतल्या आमच्या चक्कीवाल्याने पिशवीत डोकावून मान हलविली. धन्याचा वास जात्याला राहील आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कणकेला लागेल, अशी त्याची रास्त शंका होती. "रात्री सगळ्यांच्या शेवटी या," तो म्हणाला. रात्री नऊ वाजता थंडीत कुडकुडत मी ते गरम पीठ छातीशी धरून घरी आणले.

आता आठवड्यातून एक-दोनदा संध्याकाळी मीच थालीपीठ लावतो. पंधरा मिनिटे पुरतात. माझ्या थालीपिठाच्या कडा फाटतात, आणि ते पाहून कन्येला आनंद होतो. नूडल्स घरातून हद्दपार झाल्या, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. एखाद्या फार दमलेल्या दिवशी ती पुडी उघडते, तेव्हा मी व्याख्यान देत नाही. फोडणीत मटार-गाजर परततो आणि मसाल्याची पुडी अर्धीच टाकतो.

आई वाईला परतली त्या दिवशी गाडीत खायला म्हणून मी तिला थालीपिठे बांधून दिली. तिने डबा हातात घेतला, क्षणभर त्याचे वजन जोखले आणि म्हणाली, "आजवर माझ्यासाठी असा डबा कोणी भरला नव्हता."

वाचकहो, आपल्याही घरात एखादा डबा असेल, जो कधीच रिकामा दिसत नाही. भाजणीचा असेल, लोणच्याचा असेल, सत्तूचा असेल. तो कोण भरते, हे आज एकदा विचारून पाहावे. आणि पुढच्या खेपेस तो भरला जाईल तेव्हा आपणही शेजारी बसावे.