आधी कड पाहा, मग टोला

बेट्टदपुरात मुलांना दगडाची हत्यारं घडवायला शिकवताना मी सुरुवातीला कुणालाच टोला मारू देत नाही. सिडिलु मल्लिकार्जुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी ताडपत्री अंथरायची, डोळ्यांवर चष्मे चढवायचे, मांडीवर जाड कातडं घ्यायचं आणि दगड नुसता न्याहाळायचा. आत चीर आहे का? वाजवल्यावर खणखणतो की बद्द आवाज येतो? कडेचा कोन काटकोनापेक्षा लहान आहे ना? मुलं कुरकुरतात, "मेष्ट्रे, फोडू द्या की!" पण हे पाहणं हेच खरं शिक्षण आहे.

मग गोटा हातात येतो. कडेच्या अगदी जवळ, तिरका, नेमका टोला बसला की खालून छिलका सुटतो. त्याच्या पोटाला टोल्याजवळ फुगवटा असतो आणि पुढे पाण्यासारख्या लाटा उमटलेल्या असतात. निसर्गात आपोआप फुटलेला दगड आणि माणसाने फोडलेला दगड ओळखताना या खुणांची मोठी मदत होते. छिलक्याने कागद सरसर कापला जातो, तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

इकडे पांढरी गारगोटी मिळते, पण ती लहरी; आतल्या बारीक भेगांमुळे भलतीकडेच तुटते. म्हणून मी महाराष्ट्रातून कॅल्सेडनी आणतो. तिथल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत ती तयार होते, आणि नेवासे, इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी तिची लांब, समांतर कडांची पाती काढली होती. दोन्ही दगड फोडून पाहिले की जिथे जसा दगड, तशी कारागिरी का, हे सांगावं लागत नाही.

मी मुलांना इसामपूरबद्दल सांगतो. कर्नाटकातल्याच हुणसगी खोऱ्यात डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी उत्खनन केलेली ही चुनखडकाची खाण सुमारे 12 लाख वर्षांपूर्वीची मानली जाते. तिथे माणसं योग्य जाडीच्या लाद्या निवडून हातकुऱ्हाडी घडवत होती. हत्याराचा आकार आधी डोक्यात असल्याशिवाय अशी निवड होत नाही.

एका शिबिराला जवळच्या हाडीतले, म्हणजे आदिवासी पाड्यातले, एक जेनु कुरुब आजोबा आले. मध काढायला कड्यावर उतरणाऱ्यांची ही जमात. वेलीचा दोर करताना त्यांनी एकेक वेल वाकवून, नखाने खरवडून पाहिली आणि बऱ्याचशा बाजूला टाकल्या. वजन कुठे येणार, ते आधी ठरवायचं, एवढंच ते म्हणाले. मी दगडावर जे शिकवू पाहत होतो, ते या माणसाच्या बोटांत होतं. त्या दिवसानंतर मुलांच्या तोंडी 'जंगली' हा शब्द शिवी म्हणून आलेला मी ऐकला नाही.

शेवटी ताडपत्रीवरचे सगळे छिलके गोळा करून, या वर्षीचं नाणं टाकून खोल पुरतो. गुरांच्या पायांना ते लागू नयेत आणि उद्याच्या संशोधकाची फसगत होऊ नये, म्हणून.

ही कौशल्यं संपलेली नाहीत. ज्यांनी ती जपली त्यांना आपण शिक्षक मानत नाही, एवढंच. पुढच्या शिबिरात त्या आजोबांना पाहुणे म्हणून न बोलावता मुख्य शिक्षक म्हणून, पूर्ण मानधन देऊन बोलवायचं मी ठरवलं आहे. मी त्यांच्या वर्गात बसेन.